हेडसेट ‘लागतो’ तेव्हा रेटू नका

कळव्याहून एका गृहस्थांनी विचारलंय: “माझं वय 47. मुलगा दहावी झाला म्हणून त्याला व्हीआर हेडसेट (डोळ्यांवर चढवला की आभासी जग दाखवणारं यंत्र) घेतला. पहिल्याच रविवारी त्याने मला गाड्यांच्या शर्यतीचा गेम लावून दिला. सात-आठ मिनिटांत दरदरून घाम फुटला आणि बेसिनकडे धाव घ्यावी लागली. मुलगा म्हणतो, ‘बाबा, चार दिवस रेटा, सवय होईल.’ रेटलं, तर आता हेडसेट नुसता तोंडाजवळ नेला तरी मळमळतं. गाडी लागण्याची गोळी घेऊन बसावं का? की हे यंत्र माझ्यासाठी नाहीच? शिवाय माझ्या 74 वर्षांच्या आईला त्यात केदारनाथ बघायचंय. तिला दाखवू का?”

शेवटचा प्रश्न शेवटी घेते. आधी तुमचं.

तुमच्या चिरंजीवांचं म्हणणं अर्धं खरं आहे. सवय होते. पण रेटून जी होते ती मळमळण्याची सवय, आणि ती तुम्हाला लागलेली दिसतेय. मी 2016 पासून महाप्याला कारखान्यांतल्या कामगारांना हेडसेट लावून सुरक्षेचं ट्रेनिंग देते. उंचावरचं काम, आग लागल्यावर बाहेर पडणं, क्रेन, असं सगळं. आमच्याकडे येणारा माणूस हौसेने आलेला नसतो. त्याला सुपरवायझरने पाठवलेलं असतं, बरेचदा नाइट करून आलेला असतो, आणि चार लोकांसमोर उलटी झाली तर पोरं जन्मभर चिडवतील ही धास्ती वेगळीच. त्यामुळे कुणाला लागतंय हे त्याने सांगायच्या आधी ओळखणं हे माझं निम्मं काम होऊन बसलंय.

आपण म्हणतो गाडी लागते, बोट लागते, तसाच हेडसेट लागतो. फक्त उलट बाजूने. एसटीत अंग हलत असतं आणि नजर मोबाइलवर किंवा पुढच्या सीटच्या पाठीवर असते. कान म्हणतो हललो, डोळा म्हणतो कुठे? हेडसेटमध्ये डोळा म्हणतो आपण ताशी दीडशेने वळण घेतलं, आणि कान म्हणतो आपण तर कळव्यातल्या हॉलमध्ये स्टुलावर बसलोय. कान म्हणजे ऐकण्याचा नव्हे, त्याच्या आतला तोल सांभाळणारा भाग. प्रत्येक कानात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, त्या डोकं फिरलं की सांगतात. जोडीला दोन बारीक पिशव्या असतात, त्यांत कॅल्शियमचे कण असतात. वेग वाढला, कमी झाला, मान कलली, हे त्या सांगतात. ज्यांच्या दोन्ही कानांतला हा भाग पूर्ण निकामी झालेला असतो, त्यांना गाडीही लागत नाही आणि बोटही नाही. इतकं हे प्रकरण कानाशी बांधलेलं आहे.

डोळा-कानाच्या भांडणात पोटाने का पडावं? 1977 साली ट्रीझमन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने एक तर्क मांडला होता: डोळ्याचं आणि तोलाचं जुळेनासं झालं की मेंदूला वाटतं काहीतरी विषारी खाल्लं गेलंय, म्हणून तो पोट रिकामं करायला निघतो. तर्कच आहे, डोक्यावर घेऊ नका. पण कामगारांना सांगितला की पटकन पटतो, कारण हातभट्टी प्यायलेल्या माणसाची गत सगळ्यांनी बघितलेली असते.

ह्या कानाची एक उणीव मात्र आपल्या फार उपयोगाची आहे. एकसारख्या वेगाने सरळ चाललेलं त्याला कळतच नाही. ठाणे-वाशी लोकल ऐरोली सोडून एका लयीत धावू लागली की डोळे मिटून बघा. खडखडाट आणि हिंदकळणं सोडलं तर पुढे चाललोय की मागे, सांगता येणार नाही. कळतं ते फक्त गाडी सुटताना, ब्रेक लागताना आणि वळताना. म्हणजे हेडसेटमधल्या चित्रात संथ, सरळ, एका वेगाने जाणं असेल तर कानाची फारशी तक्रार नसते, कारण खऱ्या प्रवासातही तिथे तो गप्पच असतो. भांडण पेटतं ते वेग एकदम वाढला, करकचून ब्रेक लागला आणि वळण आलं की. शर्यतीच्या गेममध्ये ह्या तीन गोष्टी सोडून दुसरं असतं काय? पोहायला शिकायला तुम्हाला थेट भरतीच्या समुद्रात ढकललंय.

“पण मी गाडी उत्तम चालवतो, मला कधीच लागत नाही,” असं तुमच्या मनात आलं असेल. इथे एक गंमत आहे. मागे आमच्याकडे एक ईओटी क्रेनचे, म्हणजे कारखान्याच्या छताखाली रुळांवर धावणाऱ्या क्रेनचे, ऑपरेटर आले होते. पन्नाशीचे, मिशीवाले, खुर्चीत बसतानाच म्हणाले, “मॅडम, बावीस वर्षं केबिनमध्ये काढलीत, मला काय होणार?” तिसऱ्या मिनिटापर्यंत त्यांची बडबड चालू होती. चौथ्या मिनिटाला बोलणं थांबलं. डावा हात कंट्रोलर सोडून खुर्चीचा दांडा शोधू लागला. मग एक लांब जांभई, आणि वरच्या ओठावर घामाचे बारीक थेंब. एसी चालू होता. मी म्हटलं, काढूया. “नको नको, चालू द्या.” मी काढलाच. चेहरा भिजवलेल्या कणकेसारखा पांढरा. पाच मिनिटं डोळे मिटून बसले आणि मग जे बोलले ते मी अजून ट्रेनिंगमध्ये सांगते (त्यातलं ‘एलटी’ म्हणजे अख्खी क्रेन रुळांवरून लांबवर नेणं): “हिसका बसत नाही ओ. एलटी मारला की केबिनला हिसका बसतो, पाठीला कळतं. इथं पाठ वाट बघत बसते.”

पाठ वाट बघत बसते, हेच. विमानाच्या आणि हेलिकॉप्टरच्या सिम्युलेटरमध्ये हा त्रास 1950च्या दशकापासून नोंदलेला आहे, आणि तिथेही नवशिक्यांपेक्षा मुरलेल्या वैमानिकांना तो जास्त होतो असं दिसून आलं. ज्याचं अंग खऱ्या धक्क्याला सरावलेलं, त्याला तो न बसल्याचं जास्त खटकतं. तुमच्या मुलाने अजून गाडी चालवलेली नाही, त्याच्या पाठीला कसलीच अपेक्षा नाही. त्याला होत नाही आणि तुम्हाला होतं ह्यात कमीपणा वाटून घेण्यासारखं काहीही नाही.

आता त्या जांभईकडे परत येते, कारण सगळा खेळ तिथे आहे. लोक मळमळीची वाट बघतात. मळमळ हे पहिलं लक्षण नव्हे, ते शेवटून दुसरं. त्याच्या आधी माणूस गप्प होतो, जांभया येतात, ढेकर येतात, तोंडात लाळ जमते, कानशिलं गरम वाटतात, मग कपाळावर किंवा ओठावर गार घाम. एखाद्याला ह्यातलं एकच होतं, पण ज्याला जे होतं ते बहुतेकदा दर वेळी तेच होतं. तुमचं कुठलं ते शोधून ठेवा. त्या पहिल्या खुणेला हेडसेट काढलात तर दहा मिनिटांत चहा प्यायला मोकळे. मळमळ सुरू झाल्यावर काढलात तर अख्खी संध्याकाळ गेली. आणि मळमळीतून पुढे रेटलंत तर त्या दिवसाबरोबर पुढचे पंधरा दिवसही गेले, कारण पोट लक्षात ठेवतं.

माझ्या लहानपणी आम्ही ठाण्याहून एसटीने माळशेज घाटातून जुन्नरला आजोळी जायचो. घाटात मी हमखास पिशवीत तोंड घालून बसलेली. तीन-चार खेपांनंतर अशी वेळ आली की ठाण्यात स्टँडवर डिझेलचा वास आला, की गाडी हलायच्या आधीच तोंडाला पाणी सुटायचं. वडापाव बघून सुटतं ते नव्हे, दुसरं. गाडी उभी, चाक फिरलेलं नाही, आणि पोट घाटात पोचलेलं. तुमचा हेडसेट तोंडाजवळ नेल्यावर होतं ते हेच आहे. त्याच्या फोमचा वास आणि नाकावरचा दाब ही तुमच्या पोटाची ‘डिझेलची’ खूण झाली.

म्हणून किमान आठवडाभर त्याला हातच लावू नका. तोवर फोमची गादी काढून साबणाच्या पाण्याने पुसून उन्हात नव्हे, सावलीत वाळवा. जमलं तर सिलिकॉनचं कव्हर घ्या, वास बदलेल. हेडसेट मात्र चुकूनही खिडकीत किंवा बाल्कनीत ठेवू नका. भिंगातून ऊन आत गेलं की पडद्यावर कायमचा डाग पडतो. पुन्हा सुरुवात करताना खोली बदला, वेळ बदला, आणि तो शर्यतीचा गेम दृष्टीआड करा.

सुरुवात अशा गोष्टीने करा जिच्यात चित्र तुम्हाला कुठेही नेत नाही. समोरून येणारे ठोकळे उभ्या जागी तलवारीने कापायचे, टेबल टेनिस, चित्र रंगवणं. तुम्ही एक पाऊल टाकलंत की चित्रातही एकच पाऊल पडतं, मान वळवली की तेवढंच दृश्य वळतं. डोळा आणि कान दोघांची साक्ष जुळते. पाच मिनिटं, घड्याळ लावून. काहीही होत नसलं तरी पाचच. “आता कुठे मजा यायला लागली होती” असं वाटत असताना काढायचा, जेवताना दोन घास कमी खावेत तसं. दुसऱ्या दिवशी सात, मग दहा. एका रविवारी तासभर बसण्यापेक्षा वेगवेगळ्या दिवशी दहा-दहा मिनिटं बसल्याने अंग जास्त शिकतं. शिकवणी पक्की व्हायला मेंदूला मधे रात्रीची झोप मिळावी लागते. आठवडा निर्वेध गेला की मग चालण्याचे खेळ. चालतानाही आधी ‘टेलिपोर्ट’ घ्या, म्हणजे बोट दाखवायचं आणि थेट तिथे पोचायचं. मधला प्रवासच नाही, तर कान तक्रार कशाची करणार?

गेमच्या सेटिंगमध्ये ‘कम्फर्ट’ नावाचा भाग असतो, तो तरुण मंडळी पहिल्यांदा बंद करतात कारण त्याने मजा कमी होते. तुम्ही सगळा चालू करा. त्यातल्या दोन गोष्टी खऱ्या कामाच्या. वळणं ‘स्नॅप’ ठेवा: दृश्य गरकन फिरत नाही, तीस किंवा पंचेचाळीस अंशांचा एकेक टप्पा घेतं. आणि ‘व्हिन्येट’: हालचाल सुरू झाली की कडेचं चित्र काळं होतं, बोगद्यातून बघितल्यासारखं. हलल्याचा भास मुख्यतः नजरेच्या कडांतून होतो, म्हणून कडा झाकल्या की भास उतरतो. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या दोघा संशोधकांनी 2016 मध्ये दाखवलं की हा बोगदा वेगाप्रमाणे हळूहळू लहान-मोठा केला तर त्रास कमी होतो, आणि बहुतेकांना तो आकसल्याचं लक्षातही येत नाही. पर्ड्यू विद्यापीठात तर त्याआधी चित्राच्या मधोमध एक नाक काढून बघितलं होतं, आणि त्यानेही लोक जास्त वेळ टिकले. नाकासमोर बघून चालणाऱ्याचं बरं होतं हे आपल्या आज्या सांगतच होत्या.

खेळताना कंट्रोलर स्वतःच्या हातात हवा. मुलगा चालवतोय आणि तुम्ही नुसतं बघताय असं नको. एसटीत ड्रायव्हरला लागत नाही, कारण वळण येणार हे त्याच्या हाताला आधीच ठाऊक असतं. आणि दृश्य वळत असताना मान खाली घालून कंट्रोलरकडे बघू नका. वळणात मान वाकवणं ही उलटीची सगळ्यात जवळची वाट.

आता ज्या गोष्टींकडे कुणी बघत नाही त्या. पहिली, भिंगांमधलं अंतर. मोठ्या माणसाच्या दोन बाहुल्यांमध्ये साधारण 63 मिलिमीटर अंतर असतं, पण 57 पासून 70 पर्यंत माणसं मी मोजली आहेत. मुलाने हेडसेट स्वतःच्या डोळ्यांना लावून ठेवलेला असणार. मेटा कंपनीचा क्वेस्ट 2 हेडसेट असेल तर भिंगं हाताने सरकवायची, तीनच खाचा आहेत, 58, 63 आणि 68. क्वेस्ट 3 ला खाली चाक आहे. चष्म्याच्या दुकानात नंबर काढताना हे अंतर मोजतात, विचारून घ्या. चुकलं तर मळमळीच्या आधी भुवयांच्या मध्ये दुखतं. बायकांना हा त्रास जास्त होतो म्हणतात, त्यामागे हेडसेट त्यांच्या डोळ्यांच्या अंतराला बसत नाही हेही एक कारण असावं असं मला माझ्या हॉलमधल्या अनुभवावरून वाटतं. चष्मा असेल तर घालूनच बसा; सोबत स्पेसर, म्हणजे चष्म्याला जागा करणारी चौकट, मिळाली असेल तर ती लावून. पट्टा डोक्यामागच्या उंचवट्याच्या खाली बसला पाहिजे; अर्धा किलोचं वजन नाकावर लोंबत राहिलं तर मान हलली की चित्र थरथरतं.

दुसरी गोष्ट तुमचा हॉल. हेडसेटचे कॅमेरे खोलीकडे बघून स्वतःची जागा ठरवतात. खोली अंधारी असेल, समोर आरशाचं कपाट असेल, किंवा जुनी चोकवाली ट्यूब फडफडत असेल, तर त्यांचा गोंधळ उडतो आणि जग हळूच एका बाजूला सरकतं. तुमच्या ते लक्षातही येत नाही, पण डोळ्याचं आणि कानाचं जुळेनासं होतं. आरशावर चादर टाका. हेडसेटच्या सेटिंगमध्ये ट्रॅकिंग फ्रिक्वेन्सी (दिव्यांच्या फडफडीशी कॅमेरे जुळवणारा आकडा) 50 हर्ट्‌झवर आहे ना बघा, आपली वीज 50ची. उभ्याने खेळायला दोन मीटर बाय दोन मीटर मोकळी जागा लागते, ती सोफा सरकवल्याशिवाय आपल्या वनबीएचकेत निघत नाही हे मला माहीत आहे. मग बसून खेळा. मुलगा कॉम्प्युटरवरून वायफायने गेम पाठवत असेल तर तुमच्यासाठी ते नको. मान वळल्यापासून चित्र वळेपर्यंत साधारण 20 मिलिसेकंदांच्या आत काम व्हायला हवं, आणि राउटर भिंतीपलीकडे असला की ते अधूनमधून लांबतं. पडद्याचा वेग सेकंदाला 72 चित्रांऐवजी 90 करता येत असेल तर करा.

आणि एक टेबल फॅन समोर, तोंडावर. आमच्या हॉलमध्ये मी एवढ्या गोष्टी करून बघितल्या, पण ह्या फॅनइतकी स्वस्त आणि कामाची एकही निघाली नाही. आपल्याकडच्या दमट हवेत हेडसेटच्या आत चेहरा उकडतो, ते थांबतं. शिवाय वारा एकाच दिशेने येत राहिला की खरी खोली कुठल्या बाजूला आहे हे अंगाला कळत राहतं.

गोळीबद्दल. घरोघरी असते ती अव्होमिन म्हणजे प्रोमेथाझिन. ती गाडी लागण्यावर चालते, पण झोप आणते, आणि आपल्याला हवी ती शिकवणी पेंगुळलेल्या मेंदूला मिळत नाही. शिवाय ती पहिल्या खुणाही बोथट करते, म्हणजे थांबायचं कधी हेच कळत नाही. करमणुकीसाठी गोळी घेऊ नये असं माझं स्पष्ट मत. घ्यायचीच असेल तर डॉक्टरांना विचारून, आणि काचबिंदू किंवा प्रोस्टेटची तक्रार असेल तर विचारल्याशिवाय मुळीच नाही. आल्याने मळमळ थोडी उतरते, आलेपाकाची वडी चघळायला हरकत नाही. पोट रिकामं नको आणि तुडुंबही नको. मामलेदारची तिखट मिसळ खाऊन आलात तर त्या दिवशी हेडसेट राहू द्या. सर्दीने कान बंद असताना, जागरण झालेलं असताना, अर्धशिशीच्या दिवसांतही राहू द्या.

लागलंच, तर खिडकीशी उभे राहून लांबचं बघा. कळव्यातून पारसिकचा डोंगर दिसत असेल तर उत्तम. मोबाइल बघू नका. आणि निदान तासभर स्कूटरला किल्ली लावू नका. मी एकदा डेमो आटोपून तशीच निघाले होते. पाम बीच रोडच्या सिग्नलला पाय टेकवायला गेले तर जमीन होती त्यापेक्षा खाली आहे असं वाटलं, आणि मी गाडीसकट डाव्या अंगावर. मागे कुणी नव्हतं म्हणून गुडघ्यावर निभावलं.

इतकं करूनही महिन्याभरात शर्यत जमली नाही, तर शर्यत सोडा, हेडसेट नव्हे. मलाही रोलर कोस्टर आजतागायत जमत नाही.

आता आई. आधी विचारा: कधी चक्कर, व्हर्टिगो, कुशीवर वळल्यावर खोली फिरणं, फिट्स, पडणं? ह्यांतलं काही असेल तर टीव्हीवर दाखवा. नसेल तर दाखवा, पण मोबाइल घालायच्या त्या स्वस्त डबीत नको. तिच्यात मान वळवलेली कळते, पण पुढे झुकलेलं कळत नाही. हात असलेली जड खुर्ची, पाय जमिनीला टेकलेले, चष्मा डोळ्यांवर, फॅन समोर, तुमचा हात तिच्या खांद्यावर. आणि केदारनाथचा तो व्हिडिओ आधी तुम्ही किंवा मुलाने शेवटपर्यंत बघा. कॅमेरा देवळासमोर तिकाटण्यावर उभा असेल तर चालेल. तो ड्रोनला बांधून मंदाकिनीवरून उडवत आणला असेल, किंवा कुणी डोक्याला लावून पायऱ्या चढत असेल, तर दुसरा शोधा.